मोटारीच्या स्प्रिंगा व त्यांची जुळवणी

हल्लीं पुणें, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांच्या रस्त्यांवर अधूनमधून एखादी लहान मोटार अशी दृष्टीस पडते कीं, तिचें पोट जणूं जमिनीस टेकलें आहे, आणि चाकावरील पत्र्याची कमान व टायर यांच्यामध्यें दोन बोटें शिरावयासही जागा नाहीं. अशी मोटार गेली म्हणजे आमचे विद्यार्थी वळून वळून तिच्याकडे पाहतात. शाळा सोडून गेलेले कांहीं तरुण तर पहिली मिळकत हातीं येतांच आपली किंवा वडिलांची मोटार तशीच करून घेण्याच्या खटपटीस लागतात. पालकांस ही खटपट केवळ थाटाची वाटते, तरुणांस ती शास्त्राची वाटते. आणि दोघांच्याही म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य आहे. उंची कमीजास्त करतां येईल असें सस्पेन्शन मोटारीस बाहेरून आणून बसवितात म्हणजे नेमकें काय करतात, त्यापासून काय मिळतें, आणि त्याच्या मोबदल्यांत काय द्यावें लागतें, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

प्रथम मोटारीचा प्रकार सांगूं. जिचा मागचा दरवाजा कांचेसकट वर उचलला जातो अशा आंखूड मोटारीस हॅचबॅक म्हणतात. १९७५ सालच्या सप्टेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील प्रदर्शनांत फोक्सवॅगन कंपनीनें ‘गोल्फ जीटीआय’ ही मोटार मांडली व पुढील वर्षीं ती विक्रीस आली. साध्या कुटुंबवत्सल हॅचबॅकमध्यें १.६ लिटरचें ११० अश्वशक्तीचें इंजिन घालावें, तिचें सस्पेन्शन अधिक बसकें व कडक करावें, म्हणजे एकाच मोटारीनें बाजारहाटही होईल आणि वळणावळणाच्या रस्त्यानें चपळपणें धांवतांही येईल, अशी ही कल्पना होती. आरंभीं अशा केवळ ५,००० मोटारी काढाव्या असा बेत होता. प्रत्यक्षांत पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक निघाल्या. त्याच घराण्यांतील ‘पोलो’ ही मोटार आपल्या पुण्याजवळील चाकण येथें तयार होत असे. तेथील कारखाना २००९ सालीं सुरू झाला. २०१३ सालीं पोलोची ‘जीटी टीएसआय’ ही १.२ लिटर इंजिनाची व १०५ अश्वशक्तीची चपळ आवृत्ति निघाली. आणि २०२२ सालीं पोलोचें भारतांतील उत्पादन थांबलें. ज्या पोलो आज रस्त्यांवर आहेत त्यांचें वय वाढत चाललें आहे. मूळचे शॉकअप झिजले म्हणजे मालकापुढें प्रश्न उभा राहतो, कीं मूळच्यासारखेच नवे घालावे, कीं बाजारांत मिळणारे, उंची बदलतां येणारे घालावे? हा प्रश्न पुष्कळ घरांत बापलेकांच्या वादाचा विषय होतो.

त्याचें उत्तर देण्यापूर्वीं स्प्रिंगेचें कार्य समजून घेतलें पाहिजे. रस्ता कधींही अगदीं सपाट नसतो. चाक उंचवट्यावर चढलें कीं सबंध मोटार त्याबरोबर वर उचलली जाऊं नये, आणि चाक खड्ड्यांत उतरलें कीं जमिनीपासून तें सुटूं नये, एवढ्यासाठीं चाक व मोटारीचें शरीर यांच्यामध्यें स्प्रिंग घालतात. मोटारीचा वेग, ब्रेक व वळण ह्या तिन्ही गोष्टी अखेर चार टायर जमिनीस जेथें टेकतात त्या चार ठिकाणांवर अवलंबून असतात, आणि तें प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढेंच असतें. तेव्हां चाक जमिनीशीं लागून राहणें हें सस्पेन्शनचें पहिलें काम, आणि आंत बसलेल्यांस सुख देणें हें दुसरें.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनीं १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. स्प्रिंगेवर जितका भार घालावा तितक्या प्रमाणांत ती दबते. समजा, मोटारीच्या एका चाकावरील स्प्रिंगेवर ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारें ३०६ किलोग्रॅम भार आहे, आणि ती स्प्रिंग एक मिलिमीटर दाबावयास २५ न्यूटन लागतात. तर उभ्या मोटारीखालीं ती १२० मिलिमीटर दबलेली असेल. अशी मोटार एकदां हालविली असतां मिनिटास सुमारें ८६ हेलकावे खाते, व हे हेलकावे मनुष्याच्या शरीरास मानवतात. आतां तिच्या जागीं दुप्पट कडक, म्हणजे मिलिमीटरला ५० न्यूटनची स्प्रिंग घातली, तर ती ६० मिलिमीटरच दबेल आणि हेलकावे मिनिटास सुमारें १२२ होतील. मोटार वळणावर कमी कलेल, परंतु रस्त्याचा प्रत्येक सांधा आंत बसलेल्यांच्या पाठीस कळेल. स्प्रिंग दुप्पट कडक करूनही हेलकावे दुप्पट न होतां सुमारें १.४१ पट होतात. असें कां व्हावें, हें विद्यार्थ्यांनीं लंबकाचें सूत्र आठवून स्वतः ताडून पाहावें.

परंतु नुसती स्प्रिंग पुरत नाहीं. एकदां दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. आणि मोटार होडीप्रमाणें डोलूं लागते. हें डोलणें थांबविण्यासाठीं जो नळकांड्यासारखा भाग असतो त्यास शॉक-अॅब्सॉर्बर म्हणतात, व आमचे कारागीर त्यासच ‘शॉकअप’ म्हणतात. नांवावरून तो धक्का खातो असें वाटतें. वस्तुतः धक्का स्प्रिंग खाते, आणि शॉकअप त्या स्प्रिंगेची उसळी जिरवितो. नळींत तेल भरलेलें असतें व त्यांत एक पिस्टन खालींवर सरकतो. पिस्टनला बारीक छिद्रें असून त्यांवर पातळ पोलादी चकत्या बसविलेल्या असतात. तेल त्यांतून मोठ्या कष्टानें वाट काढतें, आणि हालचालीची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. खराब रस्त्यानें दूर जाऊन आल्यावर शॉकअप हातास गरम लागतो तो ह्याच कारणानें. दबतांना किती विरोध करावा आणि उसळतांना किती, हें त्या चकत्यांवर ठरतें. व साधारणतः उसळतांनाचा विरोध अधिक ठेवितात.

पोलोच्या पुढच्या चाकांशीं स्प्रिंग व शॉकअप एकत्र जोडून एकच खांब केलेला असतो. अर्ल मॅक्फर्सन नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें ही रचना काढली, म्हणून तिला मॅक्फर्सन स्ट्रट असें म्हणतात. हा खांब केवळ स्प्रिंग धरून ठेवीत नाहीं. चाक उभें धरण्याचें व तें वळूं देण्याचें कामही त्याच्याकडे असतें. मागच्या बाजूस मात्र दोन्ही चाकें एका पिळूं शकणाऱ्या आडव्या तुळईनें जोडलेलीं असून तेथें स्प्रिंग व शॉकअप निरनिराळ्या जागीं असतात.

बाजारांतील जो संच ‘कॉइलओव्हर’ ह्या नांवानें ओळखला जातो, त्यांतील पुढच्या खांबाच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर दोन कडीं फिरतात. वरच्या कड्यावर स्प्रिंग बसते, आणि खालचें कडें वरच्यास घट्ट आवळून जागच्या जागीं धरतें. आंकडीसारख्या तोंडाच्या पान्यानें हीं कडीं खालीं घेतलीं कीं मोटार खालीं बसते, वर चढविलीं कीं मोटार उचलली जाते. मागच्या बाजूस स्प्रिंगेच्या बैठकीखालीं तसाच आट्यांचा भाग घालतात. कांहीं महाग संचांत शॉकअपच्या टोंकास एक लहान चकती असते. ती टिक् टिक् फिरवून तेलाची वाट रुंद किंवा अरुंद करतां येते, व त्यायोगें उसळीला होणारा विरोध कमीजास्त होतो.

येथें एका सार्वत्रिक गैरसमजाचें निरसन करणें अवश्य आहे. कडें वर चढवून स्प्रिंग आवळली म्हणजे ती कडक होते, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मोटारीचें वजन तेवढेंच राहिलें असल्यामुळें स्प्रिंगही तेवढीच, आमच्या उदाहरणांत १२० मिलिमीटरच, दबते. कडें १० मिलिमीटर वर गेलें तर स्प्रिंगेचीं दोन्ही टोंकें १० मिलिमीटर वर जातात, आणि मोटार तितकी उंच होते, इतकेंच. समान वेढ्यांच्या स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर व वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. कड्यानें तो बदलत नाहीं. कडक स्प्रिंग हवी असल्यास ती दुसरीच आणावी लागते.

आतां मोटार खालीं बसविण्यापासून लाभ किती, हें आंकड्यांनीं पाहूं. मोटार वळण घेते तेव्हां आंतल्या चाकांवरील कांहीं भार बाहेरच्या चाकांवर जातो. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाहीं. म्हणून भाराची ही बदली जितकी कमी तितकी चारही चाकांची मिळून पकड अधिक. समजा, मोटारीचें वजन १,१०० किलोग्रॅम आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटर उंच आहे, डाव्या व उजव्या चाकांतील अंतर १,४५० मिलिमीटर आहे, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सहादशांश आहे. तर सुमारें २५० किलोग्रॅम भार एका बाजूकडून दुसरीकडे जाईल. तीच मोटार २५ मिलिमीटरनें खालीं बसविली तर हा आंकडा सुमारें २३९ होईल. लाभ झाला तो ११ किलोग्रॅमचा, म्हणजे शेंकडा साडेचारचा. शर्यतीच्या धांवपट्टीवर जेथें सेकंदाच्या अंशासाठीं झगडा असतो तेथें हा लाभ मोलाचा आहे. शाळेंत मुलें पोहोंचविणाऱ्या मोटारींत तो कोणाच्या ध्यानांतही यावयाचा नाहीं. आणखी हेंही लक्षांत ठेवावें कीं, कडक स्प्रिंगेनें मोटारीचें कलणें कमी दिसलें, तरी एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा एकूण भार त्यामुळें कमी होत नाहीं.

लाभाचा हिशेब झाला. आतां हानीचा करूं. बुरूज बांधावयास निघालेल्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दृष्टान्त आमच्या शाळेंत सर्वांस परिचित आहे, आणि येथें तो अक्षरशः लागू पडतो. चाकास वर सरकावयास ठराविक जागा असते. ती संपली कीं शॉकअपच्या दांड्यावरील एक जाड रबर चेपूं लागतें, आणि मोटार स्प्रिंगेवर न राहतां रबरावर टेकते. समजा, मागच्या चाकास रबर लागेपर्यंत ७० मिलिमीटर जागा आहे, आणि मालकानें मोटार ४० मिलिमीटरनें खालीं बसविली. साध्या रचनेच्या संचांत आतां ३० मिलिमीटर उरले. दिवाळीच्या सुट्टींत घरचीं चार माणसें व सामान मिळून ३०० किलोग्रॅम भार मोटारींत चढला, व त्यांतील शेंकडा ६० भाग मागच्या चाकांवर पडला. म्हणजे प्रत्येक मागच्या चाकावर ९० किलोग्रॅम, अथवा सुमारें ८८० न्यूटन. मिलिमीटरला २५ न्यूटनची स्प्रिंग ह्या भारानें ३५ मिलिमीटर दबेल. जागा तर ३० मिलिमीटरचीच होती! मोटार घरासमोर उभी असतांच तिच्या स्प्रिंगेचें काम संपलें. पुढील प्रवास रबरावर.

दुप्पट कडक स्प्रिंग घातली तर ती १८ मिलिमीटर दबून १२ मिलिमीटर उरतील. पण एवढ्या जागेंत आपल्याकडील कोणता खड्डा मावेल? चांगले निर्माते शॉकअपच आंखूड करून व रबर लहान घालून थोडी जागा परत मिळवितात. तथापि टायर व पत्रा यांमधील जागा कोणासही वाढवितां येत नाहीं. अशी मोटार पावसाळ्यांत ताम्हिणी घाटाच्या एखाद्या वळणावर खड्ड्यांत आदळली, तर रबर एकदम कडक होतें, चाक जमिनीवरून उडतें, आणि नेमक्या त्या क्षणीं तळहाताएवढा जो आधार होता तो नाहींसा होतो. रिकाम्या मोटारींत एकटा चालक बसून फिरून आला म्हणजे त्यास हें कळत नाहीं; मागच्या बाकावर आजीआजोबा बसले म्हणजे कळतें. आमच्या मतें ह्या सर्व विषयांत पालकांनीं लक्षांत घ्यावयाची मुख्य गोष्ट हीच आहे.

शिवाय गतिरोधकांचा विचार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या नियमावलींत गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर व रुंदी ३.७ मीटर दिली आहे. प्रत्यक्षांत गल्लोगल्लीं जे गतिरोधक आहेत त्यांपैकीं कित्येक ह्याहून पुष्कळ अरुंद व उभ्या चढाचे आहेत. भरलेल्या, बसक्या मोटारीचें पोट त्यांवर घासतें. आणि इंजिनाच्या तेलाचें भांडें त्याच पोटाखालीं असतें.

मॅक्फर्सन पद्धतींत आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते. चाकाकडे जाणारा खालचा हात सामान्यतः जवळजवळ आडवा असतो. मोटार फार खालीं बसविली कीं त्याचें बाहेरचें टोंक वर व आंतलें खालीं होतें. ज्या अक्षाभोंवतीं मोटार वळणावर कलते तो अक्ष त्यामुळें गुरुत्वमध्यापेक्षांही अधिक खालीं उतरतो, दोहोंमधील अंतर वाढतें, आणि मूळच्याच स्प्रिंगांवर मोटार पूर्वीपेक्षां अधिक कलूं शकते! म्हणजे जें टाळण्यासाठीं एवढी खटपट केली तेंच पदरीं येतें. ह्यास्तव जे जाणकार आहेत ते उंची थोडीच, २० ते ३० मिलिमीटरच्या आंतबाहेर कमी करतात, आणि तींही मोजून.

आतां हें साधन बसवितात कसें तें सांगतों. हें काम विद्यार्थ्यांनीं घरीं करूं नये. तें ज्यास येतें त्या कारागिराकडूनच करवून घ्यावें. पण काय व्हावयास पाहिजे हें ग्राहकास ठाऊक असलें म्हणजे काम चांगलें होतें.

पहिलें काम मोजणीचें. सपाट जमिनीवर मोटार उभी करून, टायरांतील हवा बरोबर भरून, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून कागदावर लिहून ठेवावें. हा कागद नसेल तर पुढें किती खालीं आलों हें कोणासही सांगतां येत नाहीं. नंतर न उचललेल्या चाकांस ठोकळे लावून मोटार जॅकनें उचलावी, आणि लगेच लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखालीं हातसुद्धां घालूं नये. चाक काढल्यावर ब्रेकची रबरी नळी व ब्रेकच्या विजेच्या यंत्रणेची तार खांबापासून सोडवितात. तीं ताणलीं गेलीं तर दोष आज दिसत नाहीं, परंतु महिन्यांनीं दिसतो. मग बाजूचा जोडदांडा सोडून, खांब चाकाच्या बैठकींतून वरच्या बोल्टांसह बाहेर काढतात. ह्या वेळीं चाकाची बैठक लोंबकळत ठेवूं नये, नाहीं तर चाकास फिरविणारा दांडा सांध्यांतून ओढला जातो.

जुन्या खांबावरची स्प्रिंग काढणें हा ह्या कामांतील सर्वांत धोक्याचा भाग. वरचा नट सोडण्यापूर्वीं स्प्रिंग खास यंत्रानें आवळून धरावी लागते. मिलिमीटरला २५ न्यूटनची स्प्रिंग १५० मिलिमीटर आवळली तर तिच्यांत सुमारें २८० जूल शक्ति सांठते. म्हणजे दहा किलोचा धोंडा जवळजवळ तीन मीटर उंचीवरून खालीं यावा तेवढी. यंत्र घसरलें तर ही सर्व शक्ति समोर उभ्या असलेल्या मनुष्याच्या वांट्यास येते. म्हणून दोरीनें किंवा तारेनें स्प्रिंग बांधून हें काम उरकणाऱ्या कारागिराकडे मोटार देऊं नये.

वरचें रबरी बसकण व त्याखालील बेअरिंग झिजलें असल्यास तेंही ह्याच वेळीं बदलावें. फोक्सवॅगनच्या कामांत कांहीं बोल्ट एकदांच वापरण्याचे असतात. ते आवळतांना किंचित् ताणले जातात, म्हणून ते पुन्हां न घालतां नवे घालावे, आणि निर्मात्यानें सांगितलेल्या जोरानें टॉर्क-पान्यानें आवळावे. ज्या सांध्यांत रबर आहे त्यांचे बोल्ट शेवटीं, मोटार चाकांवर उभी असतांना घट्ट करावे. मोटार हवेंत असतांनाच ते घट्ट केले तर मोटार खालीं उतरतांच रबर पिळलें जातें, व तें कायम पिळलेलेंच राहून लौकर फाटतें.

सर्व बसल्यावर पुन्हां मोजणी. एकाच आंसावरील डाव्या व उजव्या बाजूंचीं कडीं सारख्या उंचीवर असावीं, आणि शॉकअपच्या चकत्या दोन्हीकडे सारख्याच टिका फिरविलेल्या असाव्या. त्यासाठीं चकती आधीं पूर्ण बंद करून मग उलट्या टिका मोजाव्या व लिहून ठेवाव्या. आणि निर्मात्यानें सुचविलेल्या मध्यम जागेपासून आरंभ करून एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर फळ कोणाचें हें कळत नाहीं. प्रयोगशाळेंत हाच नियम आम्ही विद्यार्थ्यांस शिकवितों. उंची बदलतांच चाकांचा कल व त्यांच्या तोंडांची दिशा बदलते, म्हणून व्हील-अलाइनमेंट करून तिचा कागद मागून घ्यावा. ती न केल्यास टायर आंतल्या कडेनें झिजतात, आणि वरून पाहणाऱ्यास तें दिसतही नाहीं. पुढचे दिवे कोठें पडतात तेंही तपासावें, कारण मोटारीचें नाक खालींवर झालें कीं दिवेही हलतात व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. शेवटीं मागें तीन माणसें बसवून, सुकाणूं दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कोठें घासतो काय तें पाहावें. स्प्रिंगा थोड्या दिवसांनीं किंचित् खचतात, म्हणून कांहींशें किलोमीटर झाल्यावर मोजणी व आवळणी पुन्हां एकदां करावी.

कायद्याचा भागही लहान नाहीं. ज्या जर्मनींतून हे संच येतात तेथें संचाबरोबर एक परीक्षण-पत्र असतें. मोटारीची कोणती जात, आंसावर किती भार, कोणते टायर आणि किती उंचीपर्यंत हें त्यांत नमूद असतें. बसविल्यावर अधिकृत परीक्षकाकडून मोटार तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं नोंदणींतील तपशिलाचा मेळ बसणार नाहीं असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही ह्या कलमाचा अर्थ तसाच कडक लावला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें आलेल्या १८२-अ कलमांत बेकायदा फेरफारास प्रत्येकीं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तेव्हां दुकानदाराच्या तोंडच्या भरंवशावर न राहतां, प्रादेशिक परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस आधीं लेखी विचारावें आणि उत्तर लेखीच घ्यावें. अपघातानंतर विमा कंपनीनें कानावर हात ठेविले तर सर्व बचत एका दिवसांत जाते.

मग उंची बदलतां येणारें सस्पेन्शन वाईट काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. बंद धांवपट्टीवर, परवानगी घेऊन, मोजून व लिहून ठेवून जो तें वापरतो त्यास त्यापासून लाभही आहे आणि शिक्षणही. कारखान्याच्या अभियंत्यांनीं रिकामी व भरलेली मोटार, डांबरी व खडीचा रस्ता, उन्हाळा व पावसाळा ह्या सर्वांचा मेळ घालून जी एक उंची ठरविलेली असते, ती ठरविण्याचा अधिकार ह्या कड्यांमुळें मालकाच्या हातीं येतो. अधिकाराबरोबर मोजण्याचें कामही त्याच्याकडेच येतें, आणि जो मोजीत नाहीं त्याच्या हातून चांगली जुळलेली मोटार बिघडण्याचाच संभव अधिक. ज्याची मोटार जुनी झाल्यामुळें डोलते, त्यानें आधीं मूळच्यासारखे नवे शॉकअप, उत्तम टायर, योग्य हवा व व्हील-अलाइनमेंट एवढें करून पाहावें. पुष्कळांस ह्यानेंच आपली मोटार पुन्हां नवी झाल्यासारखी वाटेल, आणि पुढील खर्चाची इच्छाच राहणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सुट्टींत एक बिनखर्ची प्रयोग करा. घरच्या किंवा शेजारच्या मोटारीच्या मालकाची परवानगी घेऊन, मोटार सपाट जागीं बंद स्थितींत व हातब्रेक ओढलेली असतांना, मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंतचें अंतर टेपनें मोजा. मग ठाऊक असलेल्या वजनाचे दोन मित्र मागच्या बाकावर बसवा. मोटार एकदोनदां हातानें दाबून सोडा, म्हणजे ती आपल्या जागीं स्थिरावेल. आणि पुन्हां मोजा. दोघांचें मिळून वजन १२० किलोग्रॅम असून मोटार २४ मिलिमीटर खचली, व तो सर्व भार मागच्या दोन चाकांवरच पडला असें धरलें, तर एका चाकावर ६० किलोग्रॅम, म्हणजे सुमारें ५८९ न्यूटन. त्यास २४ नें भागिलें असतां मिलिमीटरला सुमारें साडेचोवीस न्यूटन हा तुमच्या मोटारीच्या स्प्रिंगेचा अदमासें कडकपणा झाला. मग टायर व कमान यांमधील मोकळी जागा मोजा, आणि तुमचें सर्व कुटुंब सामानासह बसलें असतां त्यांतील किती उरेल ह्याचें गणित कागदावर मांडा. तो कागद घेऊन वडिलांजवळ बसा. मोटार खालीं घ्यावी कीं नाहीं ह्या वादाचा निकाल त्या कागदावरून दोघांसही सहज लागेल.